मिंडेलो ते बार्बाडोस: मुलांसह समुद्रातला नववा दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघे नेदरलँड्समध्ये राहता, मुले नऊ आणि सहा वर्षांची, ३८ फुटी शिडाची बोट घेतली आहे आणि येत्या हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायचा विचार आहे. वादळे, सामान, कागदपत्रे यांवर तुम्ही पुष्कळ वाचले आहे. पण जमीन दिसत नाही अशा मधल्या दिवसांत मुलांचा दिवस जातो कसा, मोठी माणसे दोनच असताना झोपायचे कुणी आणि कधी, हे तुम्हाला कुठे नीट सापडले नाही. आणि धाकट्यासाठी आणखी एक वर्ष थांबावे का, हेही विचारले आहे.

मी बावीस वर्षे व्यापारी जहाजांवर काढली. त्यानंतर स्वतःच्या ४० फुटी बोटीतून आम्ही चौघे केप व्हर्दे बेटांतल्या मिंडेलोहून बार्बाडोसला गेलो: मी, ही, तेव्हा अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा. अंतर दोन हजार सागरी मैलांच्या थोडे वर, दिवस लागले सोळा. १० डिसेंबरला निघालो होतो. लॉगबुक समोर घेऊन बसलो आहे. सोळा दिवसांची गोळाबेरीज सांगण्यापेक्षा एकच दिवस सांगतो, नववा. त्या दिवशी विशेष काही घडले नाही, म्हणून तोच निवडला.

त्याआधी झोपेचे सांगायलाच हवे, कारण बाकी सगळे तिच्यावर उभे आहे. मुले समुद्रावर रमतात; तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तर मोठ्यांपेक्षा चांगली रमतात. त्यांचा दिवस बिघडतो तो आईबापांची झोप झालेली नसली की. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही.

आमचा पहिला लांबचा पल्ला पोर्तुगालमधल्या कश्कायशहून कॅनरी बेटांतल्या लान्झारोतेपर्यंतचा, पाच दिवसांचा. हिला पहिल्याच रात्री बोट लागली आणि दोन दिवस ती आडवी होती. जहाजावर आयुष्यभर रात्री जागलेला माणूस मी, आपल्याला जमेल अशा भरवशावर चाळीस तास नुसत्या डुलक्यांवर काढले. जहाजावर पहाऱ्याला तीन अधिकारी असतात आणि चार तासांच्या कामानंतर आठ तास मोकळे मिळतात, हे सोयीस्करपणे विसरलो. तिसऱ्या संध्याकाळी वारा मागून होता. ऑटोपायलटचा कोन थोडा बदलायचा होता आणि मी उलट्या बाजूचे बटण दाबले. वारा मोठ्या शिडाच्या पाठीमागून शिरला आणि बूम, म्हणजे त्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा, एका क्षणात या बाजूची त्या बाजूला फेकली गेली. तिला पुढे ओढून धरणारा दोर, प्रिव्हेंटर, मी बांधलेला नव्हता. बांधायचा असतो हे मला चांगले ठाऊक होते. थकव्यात राहून गेले. बूमबरोबर तिचा जाडजूड दोर चाबकासारखा कॉकपिटवरून, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेवरून, गेला. दहा मिनिटांपूर्वी मुलगी तिथेच बसून चित्र काढत होती.

कुणाला काही लागले नाही. ही मात्र उठून बसली आणि म्हणाली, “तू आता चार तास खाली जा. मला उलटी झाली तर होऊ दे.” त्या रात्री ठरलेले वेळापत्रक आम्ही नंतर कधी मोडले नाही.

ते असे. रात्री ८ ते १२ पहारा हिचा, १२ ते ४ माझा, ४ ते ७ पुन्हा हिचा. म्हणजे मला दोन तुकड्यांत सात तास मिळतात आणि हिला रात्री सलग चार, दुपारी १ ते ३ आणखी दोन. पुष्कळ जोडपी तीन-तीन तासांच्या पाळ्या करतात. मला ते पटत नाही. आडवे झाल्यावर झोप लागायला वीस मिनिटे जातात, उठून हार्नेस, म्हणजे बोटीला अडकवायचा सुरक्षापट्टा, चढवायला दहा, हातात उरतात जेमतेम अडीच तास. आणि पाळ्या रोज फिरवू नका. ठरलेल्या वेळेला शरीर चौथ्या दिवशी आपणहून झोपते आणि आपणहून उठते.

तर नववा दिवस सुरू झाला मध्यरात्री. हिने मला हलवले, चहाचा थर्मास हातात दिला आणि तीन गोष्टी सांगितल्या: जहाज एकही नाही, पूर्वेला काळा ढग आहे, अजून लांब आहे, पुढचे शीड अर्धे गुंडाळून ठेवलंय. झोपेतून उठलेल्या माणसाला यापेक्षा जास्त सांगू नये, डोक्यात राहत नाही. ती खाली गेली आणि मुलाच्या शेजारच्या बाकावर कापडी कठडा ओढून झोपली.

पहारा म्हणजे सुकाणू धरून बसणे नव्हे. वाऱ्याच्या कोनावर बोट धरून ठेवणारे विंडवेन आमच्याकडे आहे, त्याला वीजही लागत नाही. पहारेकऱ्याचे काम डोळ्यांचे. हिशेब साधा आहे. मोठ्या जहाजाचे दिवे कॉकपिटमधून स्वच्छ हवेत आठ-दहा मैलांवरून दिसतात. जहाज १८ नॉटने, म्हणजे तासाला १८ सागरी मैलांनी, समोरून येत असेल आणि तुम्ही ६ नॉटने जात असाल, तर आठ मैल वीस मिनिटांत संपतात. म्हणून दर दहा मिनिटांनी उभे राहून चारी दिशांना पूर्ण फेरी, सावकाश. आसपासच्या जहाजांची जागा रेडिओवरून दाखवणाऱ्या एआयएसचा पडदा असतोच, पण प्रत्येक मासेमारी बोटीवर एआयएस चालू असेलच असे नाही. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम सतत नजर ठेवायला सांगतो, आणि तो घरच्या चौघांच्या बोटीलाही लागू आहे. काही जोडपी गजर लावून दोघेही झोपतात. मुले बोटीवर असताना तरी हे करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अडीचच्या सुमारास तो ढग आला. रडारवर तो पावसाचा गठ्ठा म्हणून दिसत होता, सहा मैल, मग चार, मग दोन. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात अशा सरी रात्री जास्त येतात. वारा सोळा नॉटवरून एकतीसवर गेला, पुढचे शीड मी कॉकपिटमधूनच आणखी गुंडाळले, वीस मिनिटे कोसळला आणि गेला. मोठ्या शिडाला हात लावावा लागला नाही, कारण रोज अंधार पडायच्या आत आम्ही ते दोन पट्ट्यांनी आखूड करतो, वारा कितीही मऊ असो. यात दिवसाला दहा-पंधरा मैल कमी पडतात. त्या बदल्यात रात्री कुणाला डेकवर जावे लागत नाही आणि झोपलेल्याला उठवावे लागत नाही. लवकर पोहोचायची घाई असेल तर हा सल्ला तुम्हाला रुचणार नाही. आम्हाला घाई नव्हती.

सर चालू असताना खालून आवाज आला, “बाबा, पाऊस आला का?”

“आला. झोप.”

आणि तो झोपला. पहिल्या तीन रात्री हाच मुलगा हिला सोडत नव्हता. मुले लाटांना घाबरतात असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ती आवाजांना घाबरतात. शिडाची बोट आतून फार बोलते. कानापासून दोन इंचांवर पाणी धावत असते, दोर कण्हतात, कपाटात एखादी वाटी लाटेगणिक ठक्क करते, आणि अंधारात यातला कुठला आवाज काय आहे हे कळत नाही. चौथ्या दिवशी दुपारी आम्ही तिघे डोळे मिटून खाली बसलो आणि एकेक आवाज हुडकून काढला. त्याने त्यांना नावे दिली. डोलकाठीपाशी करकरणारा तो म्हातारा, सुकाणूच्या दांड्याचा तो घुम्या, कपाटातला टकटक्या. टकटक्या म्हणजे मेतकुटाची बरणी निघाली. तिच्याभोवती पंचा गुंडाळला. त्यानंतर रात्री नवा आवाज आला की तोच विचारायचा, हा कोण? हे तुम्ही बंदरात असतानाच करून घ्या.

चारला मी हिला उठवून झोपलो. साडेपाचला मुलगी आपणहून उठते आणि तासभर आईबरोबर बसते. गोव्याहून ‘तारिणी’तून २०१७-१८ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या नौदलाच्या सहा स्त्री अधिकाऱ्यांबद्दल तिने वाचले होते, आणि तिला स्वतःचा पहारा हवा होता. लॉगबुकात सहाची नोंद तिच्या अक्षरात आहे: वारा, दिशा, हवेचा दाब, ढग. मुलांना नाटकी काम देऊ नका. तिने लिहिलेला दाब आम्ही खरोखर वापरतो, हे तिला माहीत आहे.

सूर्य सहा वाजून दहा मिनिटांनी उगवला. सातला धाकट्याचे काम: रात्री डेकवर येऊन पडलेले उडते मासे गोळा करणे. त्या दिवशी पाच होते, एक बोटाएवढा. तो हार्नेस घालून, माझा हात धरून नाळेपर्यंत, बोटीच्या पुढच्या टोकापर्यंत, जातो, मोजतो, परत टाकतो, आणि खवले पडलेल्या जागेवर बादलीभर पाणी ओततो, नाहीतर ऊन चढल्यावर वास सुटतो.

हार्नेसबद्दल इथेच सांगतो. सहा नॉटला बोट सेकंदाला तीन मीटर पुढे जाते. माणूस पडल्याचे मिनिटाभराने कळले, तर तो जवळजवळ दोनशे मीटर मागे असतो, आणि दोन-अडीच मीटरच्या लाटांत डोके तेवढ्यावर दिसत नाही. शिडे उतरवून दोघांनी बोट वळवायची, त्यातला एक आधीच पाण्यात. म्हणून ‘पडल्यावर काय करायचे’ याच्या सरावापेक्षा न पडण्याच्या सवयीवर आमचा भर आहे. शिडीच्या शेवटच्या पायरीवर पाय ठेवण्याआधीच बाहेरच्या कडीला हूक अडकवायचा. कॉकपिटबाहेर मुलांनी मोठ्यांशिवाय जायचे नाही. मोठ्यांनी रात्री दुसऱ्याला उठवल्याशिवाय जायचे नाही. कठड्यावरून लघवीला उभे राहायचे नाही, हे मुलाला आणि मलाही लागू. नियम एवढेच, पण त्यांत सूट नाही. समुद्र शांत असतानाही नाही. मोठी माणसे नियम पाळतात हे दिसले की मुले वाद घालत नाहीत.

न्याहारीला पोहे. स्वयंपाकाबद्दल तुम्ही काही विचारले नाही, पण आपल्या स्वयंपाकघराइतके बोटीला सोयीचे दुसरे कुठले नसेल. प्रेशर कुकर ही तर बोटीसाठीच केलेली वस्तू वाटते: झाकण आवळलेले, त्यामुळे शेगडीवरून घसरला तरी उकळते काही सांडत नाही, आणि गॅसही थोडा लागतो. मूगडाळीची खिचडी, वर तूप, कोकमचे सार, लोणचे, एवढ्यावर वाईट हवेतले दिवस निघतात. भाजाणीचा डबा, सांडगे, मेतकूट, आलेपाक घरून येतात. दुसऱ्या आठवड्यात पालेभाजी संपते तेव्हा मटकीला आणि मुगाला मोड आणायचे. कापडात बांधून डोक्यावरच्या कडीला टांगले की उष्ण हवेत दीड दिवसात येतात. ताज्या भाजीची ती एकच बाग. कोबी, लाल भोपळा, कांदे, बटाटे शेवटपर्यंत टिकतात, फक्त कांदे आणि बटाटे एका जाळीत ठेवू नका. केळ्यांचा घड मात्र एकाच दिवशी सगळा पिकतो. नवव्या दिवशी आमच्याकडे तिन्ही वेळा केळी होती.

ही खरेदी मिंडेलोच्या बाजारातली, आणि तिथे मुलांना एक गंमत सापडली. केप व्हर्दे १९७५ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते, भाषेत पोर्तुगीज मुरलेली. मुलाने बोट दाखवून “बटाटा” म्हटले आणि बाईने बटाटे दिले. मग पाव, साबण, चावी, अननस, बादली. जे शब्द आपल्याकडे चारशे वर्षांपूर्वी गोव्या-वसईमार्गे आले, ते त्याने तिथे एकेक करून चालवून पाहिले.

स्वयंपाकात खरा धोका भाजण्याचा. वादळाच्या भीतीने रात्री जागणारे आईवडील उकळता चहा मांडीशी धरून बसलेले मी पाहिले आहेत. शेगडी पेटलेली असताना मुलांनी तिच्या हाताच्या अंतरात यायचे नाही, कप अर्धाच भरायचा, आणि शिजवणाऱ्याने छातीपासून गुडघ्यापर्यंत पावसाळी कापडाचा जाड एप्रन घालायचा. तुम्ही किनाऱ्यापासून हजार मैलांवर असता, कुठल्याही हेलिकॉप्टरच्या पल्ल्याबाहेर. औषधांची पेटी निघण्याआधी बालरोगतज्ज्ञाबरोबर बसून भरा, मुलांच्या वजनाप्रमाणे मात्रा कागदावर लिहून घ्या. सॅटेलाइट फोनवर डॉक्टर मिळतो. रोममधली सीआयआरएम ही संस्था १९३५ पासून समुद्रावरच्या माणसांना फुकट वैद्यकीय सल्ला देते. तो नंबर आमच्या चार्टटेबलावर चिकटवलेला आहे.

नऊ ते अकरा शाळा. दोन तास पुरतात, खरोखर पुरतात, कारण समोर एक शिक्षक आणि दोन विद्यार्थी असतात. पहिले तीन दिवस मात्र पुस्तक उघडू नका. खाली मान घालून वाचले की बोट लागते, आणि एकदा लागली की दिवस जातो. त्या तीन दिवसांत मुलांना बोटीच्या मध्यभागी, खालच्या बाकावर आडवे ठेवा, घोटभर ओआरएस आणि कोरडी बिस्किटे द्या, बाहेर असतील तर क्षितिजाकडे बघायला सांगा. आमच्या मुलाला आमसूल चघळून बरे वाटायचे. औषध द्यायचे तर डॉक्टरांनी सांगितलेले, निघायच्या आधी, उलट्या सुरू झाल्यावर नव्हे.

दिवसाचा कणा म्हणजे दुपारचे बारा. आमच्या बोटीवर या वेळेला सगळे जण बाहेर असतात. ४३ अंश पश्चिम रेखांशावर, बोटीच्या घड्याळात बाराला दहा मिनिटे कमी असताना सूर्य सर्वांत उंच आला. मुलीने सेक्स्टंटने, म्हणजे कोन मोजायच्या उपकरणाने, क्षितिजापासून त्याची उंची घेतली. दुरुस्त्या करून आली ५१ अंश २८ मिनिटे. ९० मधून वजा केली, ३८ अंश ३२ मिनिटे. डिसेंबरात त्या दिवशी सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला २३ अंश २४ मिनिटे होता, तेवढे वजा केले. उत्तर १५ अंश ८ मिनिटे उत्तर अक्षांश. जीपीएस म्हणत होता १५ अंश बरोबर. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, म्हणजे चूक आठ मैलांची. डोलणाऱ्या बोटीवरून अकरा वर्षांच्या मुलीने काढलेले हे उत्तर आहे. मला अजून त्याचा अभिमान वाटतो.

मग कागदी नकाशावर फुली. रोज फुली जेमतेम बोटाच्या पेराएवढी सरकते आणि भोवती सगळे निळे, त्यामुळे धाकट्याचा हिरमोड व्हायचा: आपण कुठेच जात नाही! यावर उपाय माझ्या रत्नागिरीने केला. मिंडेलोचा अक्षांश १६ अंश ५३ मिनिटे, रत्नागिरीचा १६ अंश ५९. म्हणजे दोन्ही जवळजवळ एकाच आडव्या रेषेवर. आणि बार्बाडोसचे ब्रिजटाऊन १३ अंशांच्या किंचित वर, उडुपी आणि मंगळूर यांच्या मधोमध. आपली बोट पश्चिमेला जात असताना अक्षांशाने मात्र कोकण किनारा उतरत होती. मी वहीच्या पानावर किनारा काढून दिला. विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले, पणजी ही एकेक करून मागे पडली, आणि नवव्या दिवशी आम्ही काणकोणला होतो. मुलाने आजीला सॅटेलाइटवरून तीन शब्दांचा निरोप पाठवला, “काणकोणला पोचलो. केळी.” आजीला तो कळायला दोन दिवस लागले.

दुपारी एकला ही झोपली. तिची झोप चालू असताना मुले कुजबुजत बोलतात. हे त्यांना शिकवायला एक आठवडा लागला. या वेळात ती काय करतात? घसरू नये म्हणून रबरी चटईवर मांडलेले लेगो, खाली केबिनमध्ये पत्ते (बाहेर वारा पाने नेतो), कानात गोष्टी, आणि पुष्कळ वेळ नुसते पाण्याकडे पाहणे. पाचव्या ते सातव्या दिवशी “कंटाळा आला” ऐकू येते. तेव्हा लगेच काहीतरी सुचवायला धावू नका. सातव्या दिवशी दोघांनी मिळून रिकाम्या डब्यांचे बंदर उभारले, तेही कंटाळ्यातूनच.

मासेमारीचा दोर मागे सोडलेला असतो, पण मध्य अटलांटिकमध्ये सारगॅसम शेवाळाचे पिवळे पट्टे तरंगत असतात; २०११ पासून त्यांचे प्रमाण फार वाढले आहे. दर अर्ध्या तासाने गळ शेवाळ घेऊन वर येतो. त्या दिवशी मासा नाही. आठव्या दिवशी मिळालेल्या डोराडोचे कालवण झाले होते, आणि एक मासा मिळाला की तो संपेपर्यंत दुसरा धरायचा नाही असे मुलीने ठरवून टाकले आहे.

तीननंतर आंघोळ. समुद्राचे पाणी बादलीने अंगावर, शेवटी माणशी एक लिटर गोडे पाणी. टाकीत साडेतीनशे लिटर, गोडे पाणी करणारे यंत्रही आहे. तरी आम्ही यंत्र नाहीच असे धरून चालतो. सोळा दिवसांना चौघांना लागेल तेवढे प्यायचे पाणी निघतानाच टाकीत आणि वेगळ्या कॅनमध्ये असते. याच पल्ल्यावर अकराव्या दिवशी यंत्राचा पंप बंद पडला, आणि कुणालाही त्याची फिकीर करावी लागली नाही.

चारची फेरी माझी. हार्नेस लावून मागून पुढे, दुर्बीण घेऊन डोलकाठीच्या शेंड्यापर्यंत. प्रत्येक पिन जागेवर आहे का, कुठला दोर कशाला घासतो आहे का. मागच्या वाऱ्यावर बोट दिवसरात्र दोन्ही बाजूंना डोलते, मिनिटाला दहा-पंधरा वेळा, आणि दोर एकाच जागी घासत राहतो. सहाव्या दिवशी पुढच्या शिडाचा दोर, ते शीड बाहेर ताणून धरणाऱ्या खांबाच्या तोंडापाशी, निम्मा झिजलेला सापडला होता. तो रात्री तुटला असता तर काय झाले असते याचे चित्र डोळ्यांपुढे आले आणि पोटात गोळा आला. तेव्हापासून रोज तो दोर एक फूट पुढे-मागे सरकवतो, म्हणजे झीज एका जागी होत नाही. संपूर्ण दिवसात एकच काम करायला वेळ असेल, तर ही फेरी करा.

जेवण पाचला, उजेडात. त्या अक्षांशावर डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो आणि रात्र जवळजवळ तेरा तासांची असते. हे आधी कुणी सांगत नाही आणि पहिल्यांदा जाणाऱ्यांना फार जड जाते. वरण-भात, भोपळ्याची भाजी. मग दोघांनी मिळून मोठे शीड आखूड केले, प्रिव्हेंटर तपासला, हे दोन्ही मुलीने मोठ्याने वाचलेल्या यादीप्रमाणे.

अंधार पडताना पंधरा मिनिटे अशी असतात की तारेही दिसतात आणि क्षितिजही. हिंदी महासागरातले जुने नाखवे ध्रुवाची उंची मोजायला कमाल वापरत: एक फळी, तिला गाठी मारलेली दोरी. दोरी दातांत धरायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ध्रुवाला टेकवायची, कुठली गाठ दातांत आली ते पाहायचे. आमच्या मुलाची कमाल बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची होती, आणि पुढे जशी फुली सरकेल तशी तो गाठ मारून तिला गावाचे नाव देत होता. हात लांब करून मूठ धरली तर साधारण दहा अंश होतात. ध्रुव त्या संध्याकाळी दीड मूठ वर होता, गोव्याहून दिसतो तेवढाच. दोरीवर काणकोणची गाठ त्याने मारली. साडेसातला दोन्ही मुले झोपली होती. आठला मी हिला तीन गोष्टी सांगितल्या आणि खाली गेलो.

आता धाकट्यासाठी थांबावे का. वय हा निकष मी धरणार नाही. सहा वर्षांचे मूल पोहता येणारे, हूक स्वतः अडकवता येणारे आणि ‘थांब’ म्हटल्यावर जागच्या जागी थांबणारे असेल, तर पुरे आहे. निकष तुम्हा दोघांचा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ब्रेस्टजवळच्या कामारेहून बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेनमधल्या ला कोरुन्याला जा. साडेतीनशे मैलांच्या आसपास, तीन रात्री. बरोबर तिसरा मोठा माणूस घेऊ नका, तोच तर कस आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या रात्री तुम्ही दोघेही प्रत्येकी सलग चार तास झोपलात, आणि तुमच्यापैकी कुणीही एकटा माणूस शीड आखूड करू शकला, बोट वळवू शकला, रेडिओवर बोलू शकला, तर याच हिवाळ्यात निघा. एकाला बोट लागून दुसऱ्यावर सगळे पडले, तर पुढच्या उन्हाळ्यात तोच पल्ला पुन्हा करा, किंवा अटलांटिकसाठी ओळखीचा तिसरा गडी शोधा. आम्ही लान्झारोतेनंतर असेच एक वर्ष कॅनरी बेटांत काढले.

आणि झोपायच्या बाकांचे कापडी कठडे निघण्याच्या आठवड्यात नव्हे, आत्ताच शिवून घ्या. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत लांब, उंची निदान दोन वीत, खालून बाकाच्या फळीला पट्टीने स्क्रू केलेले. बिस्केला त्यांवर झोपून बघा, कुठली गाठ रात्री सैल होते ते तिथेच कळेल.